अँटिव्हायरस बंद करा, मग चालवा

फाइली जागेवर होत्या, नावंही तीच होती. फक्त प्रत्येक नावाच्या शेवटी चार अक्षरांचं एक निरर्थक शेपूट चिकटलं होतं आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल ड्रॉ त्यातली एकही फाइल ओळखायला तयार नव्हतं. सांगलीच्या पेठेत अण्णांचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे. साल २०२२, ऐन लग्नसराई. मी हार्डवेअर आणि नेटवर्किंगची कामं करतो. अण्णा वडिलांचे जुने मित्र, त्यामुळे त्यांचा फोन कधीही येऊ शकतो आणि तो उचलावाच लागतो.

"अरे, पत्रिका उघडंनात एकपण. सगळ्या फाइली पांढऱ्या पडल्यात. ये बघू पटकन."

पांढऱ्या, म्हणजे आयकॉन गेलेत. मी गाडी काढायच्या आधी सांगितलं, "अण्णा, चारही काँप्युटरच्या मागची नेटची वायर उपसा. पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, जे काय लावलं असेल ते काढा. माउसला हात लावू नका."

पोचलो तेव्हा मुख्य मशिनचा डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला होता. काम अजून चालूच होतं. अशा वेळी मशिन बंद करू नये, मेमरीत पुरावे असतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि मोठ्या कंपनीत, जिथे तपासाला माणसं येणार असतात, तिथे ते बरोबरही आहे. इथे येणारा तपासनीस मीच. मी पॉवरचं बटण दाबून धरलं. नंतर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशिन चालू करून पाहिलं, तर डी ड्राइव्हमधले बरेच फोल्डर शाबूत निघाले. तेवढे वाचले ते त्या बटणामुळे.

डेस्कटॉपवर आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची टेक्स्ट फाइल पडली होती. मजकूर इंग्रजीत, अगदी सभ्य भाषेत: काळजी करू नका, तुमच्या फाइली परत मिळतील. किंमत ९८० डॉलर. ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी, ४९० डॉलर. खात्री म्हणून एक फाइल फुकट उघडून देऊ. निम्मी म्हणजेसुद्धा त्या वेळच्या दराने ३८ हजारांच्या आसपास. ही चिठ्ठी पाहिली की या धंद्यातल्या कोणालाही कुळी कळते. स्टॉप किंवा जेव्हीयू (STOP/Djvu). हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, २०१८पासून फिरतंय आणि मोठ्या कंपन्यांच्या वाटेला ते सहसा जात नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे घरातला, दुकानातला, कॉलेजातला काँप्युटर. शिरायचा रस्ताही ठरलेला: क्रॅक, की-जेन आणि ॲक्टिव्हेटर, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची साधनं.

मी सागरकडे बघितलं. सागर म्हणजे अण्णांचा ऑपरेटर. मुलगा हुशार, कोरलमध्ये हात असा चालतो की बघत राहावं.

"दादा, एक्सेलला लाल पट्टी येत होती," तो म्हणाला. "बिल छापताना गिऱ्हाइकाला दिसायची. म्हणून म्हटलं ॲक्टिव्हेट करून टाकावं."

ही लाल पट्टी का आली, त्याचीच गोष्ट मोठी आहे. ऑगस्ट २०१९च्या पुरात अण्णांचं दुकान पाण्याखाली गेलं. काँप्युटर गेले, सीडीवर ठेवलेला जुना डेटा गेला, एक प्रिंटर गेला. पाणी ओसरल्यावर जो तो उभा राहायच्या गडबडीत होता. अण्णांनी दोन मशिन असेंबल करून घेतली, दोन कंपनीची जुनी घेतली. ज्यानं बसवून दिली त्यानं विंडोज, ऑफिस, कोरल, फोटोशॉप, मराठी फाँट, सगळं एका पेनड्राइव्हवरून घालून दिलं. पावती फक्त हार्डवेअरची. अण्णांनी सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे असतात का, असं विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही. त्या महिन्यात पेठेत बहुतेक दुकानांत हेच झालं असणार.

ऑफिस चालू करायला त्यानं वापरला होता केएमएस पद्धतीचा ॲक्टिव्हेटर. केएमएस ही मायक्रोसॉफ्टची स्वतःचीच सोय आहे, विंडोज व्हिस्टाच्या काळापासूनची. मोठ्या संस्थेत शेकडो काँप्युटर असतात, प्रत्येकाला वेगळी की, म्हणजे लायसनचा क्रमांक, कोण घालत बसणार? म्हणून संस्थेत एक सर्व्हर ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून मंजुरी घ्यायची. विंडोजसाठी किमान २५ काँप्युटर लागतात, ऑफिससाठी ५. मंजुरी १८० दिवस टिकते आणि मधून मधून काँप्युटर ती परस्पर वाढवून घेतो. ॲक्टिव्हेटर काय करतो, तर तुमच्याच मशिनच्या पोटात असा एक खोटा सर्व्हर उभा करतो. मशिन स्वतःलाच विचारतं, स्वतःच हो म्हणतं.

म्हणजे हा प्रकार एकदा चालवला, काम झालं, फेकून दिला, असा नसतो. मंजुरी वाढवत राहायची तर त्याला तिथे कायम राहावं लागतं, सर्व्हिस म्हणून नाहीतर टास्क शेड्यूलरमध्ये, आणि तेही सिस्टिमच्या पूर्ण अधिकारानं. अण्णांच्या मशिनवर कधीतरी डिफेंडरनं, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसनं, तो उडवला असणार. मग मंजुरी वाढायची थांबली, १८० दिवस सरले आणि लाल पट्टी आली.

सागरनं शोधलं. पहिल्या काही निकालांतल्या एका पानावर चार-पाच हिरवी बटणं, त्यातलं खरं डाउनलोड कुठलं ते कळू नये अशी मांडणी. तिथून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्या. शेवटी झिप फाइल उतरली. तिला पासवर्ड होता आणि तो पासवर्ड पानावरच लिहिलेला होता. जगजाहीर पासवर्ड ठेवायचा कशाला, असा प्रश्न पडायला हवा. उत्तर सोपं आहे: कुलूप तुमच्यासाठी नसतंच. ब्राउझरला आणि अँटिव्हायरसला उतरतानाच आत डोकावता येऊ नये म्हणून ते असतं.

आत सूचनांची फाइल. अँटिव्हायरस बंद करा. राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. इशारा आला तर दुर्लक्ष करा, तो खोटा असतो. सागरनं तसंच केलं. काहीच झालं नाही. मग दुसऱ्या पानावरून दुसरा आणला. तो चालवल्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के सरकायला लागले. अपडेट होतंय म्हटल्यावर तो चहाला गेला. ती खिडकीही खोटी होती. डिस्क एवढी का फिरतेय, हे कोणाच्या मनात येऊ नये म्हणून जेव्हीयू तीच दाखवत बसतं.

सागरवर अण्णा भडकले होते. माझा राग त्याच्यावर नव्हता. त्यानं तेच केलं जे मशिन बसवणाऱ्यानं आधी त्याच्यासमोर केलं होतं. त्या सूचनांमधल्या एकाही ओळीत त्याला वावगं दिसलं नाही, कारण 'चांगला' ॲक्टिव्हेटरसुद्धा हेच मागतो. डिफेंडर त्याला 'हॅकटूल' म्हणून पकडतो आणि सगळ्या ऑपरेटर लोकांना पाठ असतं की ते तसंच म्हणतं, चालायचंच. सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ४५ फुटांवर, म्हणजे धोक्याच्या पातळीवर गेलं, असं रोजच भोंग्यावरून सांगायला लागले, तर खऱ्या पुराच्या रात्री कोण घर सोडेल? मला या सगळ्या प्रकरणात खरा धोका इथे दिसतो. निरुपद्रवी ॲक्टिव्हेटर आणि चोराचा ॲक्टिव्हेटर यांची बसवायची पद्धत तंतोतंत एक आहे. बसवणाऱ्याकडे फरक ओळखायला एकही खूण उरत नाही.

शिवाय दोन्ही एकत्रही येतात. डिसेंबर २०२१मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीनं केएमएसपिको या ॲक्टिव्हेटरच्या अशाच एका इन्स्टॉलरची चिरफाड केली होती. त्यात ॲक्टिव्हेटर खरोखर बसत होता, विंडोज खरोखर ॲक्टिव्हेट होत होतं, आणि सोबत क्रिप्टबॉट नावाचा पासवर्डचोरही गुपचूप बसत होता. काम झाल्यावर माणूस शंका कशाला घेईल? सागरच्या नशिबी निदान गोंगाट करणारं आलं.

आता कामाला लागायचं होतं. पहिली गोष्ट, मूळ डिस्कला हात न लावता तिची पूर्ण नक्कल एका कोऱ्या डिस्कवर घेतली. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. घाई झालेले लोक इथेच फसतात. आधी फॉरमॅट मारतात, मग विचारतात डेटा येईल का.

मग ओळख पटवणं. आयडी रॅन्समवेअर ही फुकट सेवा आहे. तिथे चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाइल दिली की ती प्रकार सांगते. माझा अंदाज बरोबर निघाला. पण खरी उत्सुकता होती ती सी ड्राइव्हमधल्या एका छोट्या फाइलीची. जेव्हीयू तिथे 'सिस्टिम आयडी' नावाचा फोल्डर करून त्यात तुमचा ओळख क्रमांक लिहून ठेवतं. त्या क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं बघायची. इंग्रजी 'टी' आणि पुढे '१' असेल तर आशा आहे.

त्याचं कारण असं. हे रॅन्समवेअर सुरू झाल्यावर आपल्या मालकाच्या सर्व्हरकडे किल्ली मागतं. सर्व्हर भेटला तर प्रत्येकाला वेगळी किल्ली येते आणि ती फक्त त्याच्याकडे असते. सर्व्हर भेटला नाही तर ते स्वतःजवळची ठेवणीतली किल्ली वापरतं. त्या आवृत्तीच्या सगळ्या बळींना ती एकच असते. मग कधीतरी कोणीतरी ती किल्ली मिळवतं आणि सगळ्यांचं काम होतं. ऑक्टोबर २०१९मध्ये एमसिसॉफ्ट कंपनीनं १४८ आवृत्त्यांसाठी फुकट डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम, काढला होता. पण त्याच वर्षी ऑगस्टनंतरच्या आवृत्त्यांनी कुलूप पक्कं केलं होतं. तेव्हापासून ठेवणीतली किल्ली लागली असेल आणि ती कुणाच्या हाती आली असेल, तरच फाइल उघडते.

अण्णांच्या क्रमांकाच्या शेवटी ती दोन अक्षरं नव्हती. म्हणजे किल्ली सर्व्हरवरून आली होती. दुकानातलं नेट एरवी दुपारी हटकून जायचं. त्या दिवशी मात्र ते ठणठणीत होतं.

"मग पैसे भरू या का?" अण्णांनी विचारलं. "३८ हजारच तर म्हणतोय. माझ्या तीन वर्षांच्या डिझाइन हायत त्यात."

मी नको म्हणालो, आणि तत्त्वाचं भाषण दिलं नाही. पैसे क्रिप्टोत पाठवायचे, समोरचा कोण ते माहीत नाही, किल्ली आलीच नाही तर दाद कुठे मागणार? आणि आधी बघू तरी काय काय वाचतंय. बाजारातून एक जण 'शंभर टक्के रिकव्हरी' करून देतो म्हणून फोन करायला लागला होता, त्यालाही थांबवलं. सर्व्हरवरून आलेली किल्ली फोडायची युक्ती कोणाकडेच नाही. असा माणूस फार तर चोराशीच बोलून वर आपलं कमिशन लावणार. इंटरनेटवरचे अनोळखी डिक्रिप्टर तर त्याहून वाईट. २०२०मध्ये झोरॅब नावाचं रॅन्समवेअर चक्क जेव्हीयूच्या डिक्रिप्टरच्या वेशात फिरत होतं. वैतागलेल्या माणसानं ते चालवलं की आधीच कुलूप लागलेल्या फाइलींना दुसरं कुलूप.

वाचवायचा रस्ता जेव्हीयूच्या आळशीपणात होता. लवकर उरकावं म्हणून ते मोठी फाइल पूर्ण बिघडवत नाही. सुरुवातीचे सुमारे १५० केबी तेवढे बिघडवतं. छोट्या फाइलींचं त्यात सगळंच जातं. बिलांच्या एक्सेल फाइली, पत्रिकेचा मजकूर असलेल्या वर्ड फाइली, साध्या पत्रिकांच्या कोरल फाइली, सगळं संपलं होतं. नव्या कोरलची फाइल आतून झिपच असते, त्यामुळे मोठ्या फाइलींतून काही तुकडे सुटे निघाले, पण त्यातून संपादन करता येईल अशी पत्रिका काही उभी राहिली नाही.

फ्लेक्सचं मात्र वेगळं होतं. सागर फ्लेक्सची अंतिम फाइल टिफ या चित्राच्या प्रकारात ठेवायचा, कॉम्प्रेशन न करता, कारण प्रिंटिंगवाला तशीच मागायचा. आता हिशेब बघा. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स, ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल. आडवे ८६४० पिक्सेल, उभे ६९१२, छपाईच्या चार रंगांची सीएमवायके पद्धत, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. फाइल झाली सुमारे २३९ एमबी. पिक्सेलची एक आडवी ओळ साडेचौतीस हजार बाइटची. १५० केबी म्हणजे वरच्या चार-पाच ओळी! एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर ती पट्टी दिसतसुद्धा नाही. फक्त फाइलीचं डोकं, म्हणजे हेडर, गेल्यामुळे फोटोशॉपला ती उघडता येत नव्हती. मग फाइल 'रॉ' म्हणून उघडायची, रुंदी, उंची आणि रंगांची संख्या हातानं भरायची. पहिल्यांदा चित्र तिरकं आलं, हेडरच्या लांबीचा आकडा चुकला होता. तो एका चांगल्या फाइलीवरून घेतला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक भला मोठा फ्लेक्स, वर बारीक कचऱ्याची रेघ घेऊन, पडद्यावर आला. कुठल्यातरी नगरसेवकाचा होता. त्याचा चेहरा बघून मला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

युक्ती कळल्यावर सागरनं ते काम माझ्या हातातून घेतलंच. रात्री बसून त्यानं बहुतेक फ्लेक्स काढले. फ्लेक्सची मापं त्याला तोंडपाठ होती, मला प्रत्येक वेळी विचारावी लागली असती.

पत्रिकांसाठी दुसरा रस्ता शोधला. प्रत्येक पत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर जातं आणि छपाईची पीडीएफ ऑफसेटवाल्याला मेलनं जाते. अण्णांच्या फोनमध्ये आणि पाठवलेल्या मेलमध्ये वर्षानुवर्षांची प्रूफं होती. पीडीएफमधून मजकूर बऱ्यापैकी मिळाला. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असल्यामुळे कॉपी केला की रोमन अक्षरांची खिचडी यायची. तोच फाँट लावला की पुन्हा 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. चालू हंगामातल्या ऑर्डरी त्यावर निभावल्या. जुना साठा गेला तो गेलाच.

इथपर्यंत अण्णांना वाटत होतं की नुकसान म्हणजे फाइली. मला मात्र दुसरीच काळजी होती. जेव्हीयू एकटं येत नाही, सोबत अझोरल्ट किंवा विडार यांसारखे चोर आणतं, हे माहीत होतं. कुलूप लावायच्या आधी हे चोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून बाहेर पाठवतात. ब्राउझरमधले पासवर्ड तेव्हा तुमच्या विंडोज खात्याच्या भरवशावर झाकलेले असायचे, आणि चोर तर त्याच खात्यातून चालायचा. त्याला काही फोडावं लागायचं नाही, उघडून मिळायचं.

"क्रोममध्ये काय काय सेव्ह आहे?" मी विचारलं.

सागरनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. दुकानाचं जीमेल, जीएसटी पोर्टल, करंट अकाउंटचं नेट बँकिंग, फेसबुकचं पेज, कागदवाल्या व्यापाऱ्याचं ऑर्डरचं खातं, त्याचं स्वतःचं इन्स्टाग्राम.

ती संध्याकाळ आम्ही अण्णांच्या फोनवर घालवली. बिघडलेल्या मशिनवरून पासवर्ड बदलायचा नाही, नाहीतर नवाही त्याच हातात जातो. आधी जीमेल, कारण बाकी सगळ्यांची चावी तिथे असते. पासवर्ड बदलला, ओटीपीचा दुसरा टप्पा चालू केला, आणि जे लोक विसरतात ते केलं: सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट. चोर पासवर्डसोबत कुकीही नेतो. तुम्ही आधीच आत आहात, याचा तो पुरावा. कुकी हातात असली की ओटीपी विचारलाच जात नाही. मेल परस्पर कुठे वळवला जातोय का, तेही तपासलं. बँकेला फोन करून नेट बँकिंग बंद करून घेतलं, नव्यानं चालू करायला शाखेत जावं लागलं. अण्णा कुरकुरले, पण गेले.

इन्स्टाग्राम सागरनं 'ते काय, माझंच आहे' म्हणून मागे ठेवलं. काही दिवसांनी त्याच्या नावानं क्रिप्टोत पैसे दुप्पट करून देणाऱ्या पोस्ट सुरू झाल्या, आणि त्याच्या आत्यानं फोन करून विचारलं की खरंच एवढे मिळतात का. खातं परत मिळवायला त्याला चेहऱ्याचा व्हिडिओ वगैरे देऊन बरेच दिवस झगडावं लागलं.

तक्रारीचा प्रश्न आला तेव्हा अण्णा गप्प झाले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. अडचण वेगळी होती. "मी तक्रार केली तर ते विचारणार, सॉफ्टवेअर कुठलं होतं. मग?" भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकतं, पण अण्णांचा तर धंदाच. चोरांना हे पक्कं ठाऊक असतं. क्रॅकमधून फसलेला माणूस ओरडत नाही. शेवटी बँकेच्या खात्याला उद्या काही झालं तर नोंद असावी म्हणून अण्णांनी तक्रार केली. झालं ते जसंच्या तसं लिहिलं. क्रॅकबद्दल त्यांना कोणी एक शब्द विचारला नाही.

आता उरली बाकीची तीन मशिन. ती 'चांगली' होती, म्हणजे फाइली उघडत होत्या. मी विंडोज सिक्युरिटीत जाऊन एक्सक्लुजनची यादी उघडली, म्हणजे डिफेंडरनं कुठे बघू नये त्याची यादी. एकावर फक्त ॲक्टिव्हेटरचा फोल्डर. दुसऱ्यावर अख्खा सी ड्राइव्ह. तिसऱ्यावर सी, डी आणि टेंप फोल्डर वेगळा. डिफेंडर चालू होता, हिरवी टिकमार्क होती, आणि त्याला कुठेच बघायची परवानगी नव्हती. २०१९पासून. तिसरं मशिन नेहमी गरम होतं, पंखा ओरडायचा. सागर म्हणाला, टास्क मॅनेजर उघडला की शांत होतं. हे वाक्य ऐकलं की मला पुढचं तपासावंच लागत नाही. कोणासाठी तरी क्रिप्टोची नाणी खोदायचं काम ते मशिन अण्णांच्या वीजबिलावर करत होतं. टास्क मॅनेजर दिसला की दडी मारायची, एवढी अक्कल त्या प्रोग्रॅमला होती.

साफ करून चालवू, असं अण्णांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. ज्या मशिनवर इतका काळ अनोळखी प्रोग्रॅम सिस्टिमच्या अधिकारानं राहिलाय, ते स्वच्छ झालं असं मी कुठल्या तोंडानं सांगणार? चारही मशिन कोरी केली. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या पानावरून घेतलं.

आणि इथे गंमत झाली. कंपनीच्या त्या दोन जुन्या मशिनवर विंडोज घातलं, नेट लावलं, आणि ती काही न विचारता ॲक्टिव्हेट झाली. विंडोज ८पासून कंपनीच्या मशिनमध्ये लायसनची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. ती विंडोजच्या साध्या, होम आवृत्तीची होती. २०१९ला बसवणाऱ्यानं त्यावर 'भारी' म्हणून प्रो घातलं, ते त्या कीवर चाललं नाही, म्हणून ॲक्टिव्हेटर. दोन मशिनवर तर विंडोजसाठी त्याची गरजच नव्हती! ही तपासणी आता मी कुठेही गेलो तरी आधी करतो. क्रॅकवाले जे ब्रँडेड लॅपटॉप माझ्याकडे येतात, त्यातल्या पुष्कळांत ही की झोपलेली सापडते.

असेंबल केलेल्या दोघांसाठी विंडोज विकत घेतलं. सागरनं तीन-चारशे रुपयांच्या की दाखवल्या, शॉपिंगच्या साइटवर मिळणाऱ्या. त्या बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक लायसनमधून फुटलेल्या असतात, आज चालतात, उद्या बंद पडतात. त्यात व्हायरस नसतो हे खरं, पण लायसनही नसतं. बिलांसाठी फुकट मिळणारं लिबरऑफिस घातलं. त्यात एक्सेलच्या जुन्या फॉर्म्युल्यांनी थोडा त्रास दिला. फोटोशॉपच्या जागी गिंप हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरायला सागर राजी झाला, पण कुरकुरत, कारण गिंपमध्ये सीएमवायकेचं काम फोटोशॉपसारखं होत नाही. फाँटचं पॅकेज अधिकृत घेतलं.

बॅकअपला दोन बाहेरच्या डिस्क. एक दुकानात, एक अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर का, ते सांगलीकराला सांगावं लागत नाही. शनिवारी अदलाबदल, आणि कॉपी झाली की लगेच वायर काढायची. बिघडलेल्या डिस्कची नक्कलही क्रमांक लिहून कपाटात ठेवलीय. चोरांचे सर्व्हर पकडले गेले की कधीकधी किल्ल्या बाहेर येतात.

राहिलं कोरल. त्याची किंमत ऐकून अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग एकच लायसन घ्यायचं ठरलं, एका मशिनपुरतं. त्यामुळे आता लग्नसराईत सागर आणि नवा ऑपरेटर यांची त्या एका खुर्चीवरून रोज भांडणं होतात. अण्णा दुसऱ्या लायसनचा हिशेब पत्रिकांच्या नगावर मांडून बघतायत. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तो शंभरी पत्रिकांमागे किती पडेल इथपर्यंत आला होता.